कुत्रा ऐकतो, पण मांजर कुठे आहे?

घरात एकच कुत्रा असला आणि तो दांडगट निघाला, तर त्रास माणसांना होतो. चपला जातात, सोफ्याचे कोपरे जातात, पाहुणे यायचे कमी होतात. पण त्याच घरात आधीपासून मांजर असेल, एखादा म्हातारा कुत्रा असेल, बाल्कनीत पक्ष्यांचा पिंजरा असेल, तर दांडगाईचा हिशेब बदलतो. माणूस ओरडू शकतो, दार लावून घेऊ शकतो, आठवड्यातून तीनदा येणारा ट्रेनर लावू शकतो. मांजराला यातलं काही करता येत नाही. ते फ्रिजवर जाऊन बसतं, आणि घरातले म्हणतात, "आता मनीला सवय झाली त्याची."

कुत्र्यांच्या शिक्षणावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे लिहिलं गेलं, ते बहुतेक कुत्रा आणि मालक या दोघांपुरतं आहे. घरातला तिसरा जीव या चर्चेत फार उशिरा आला. एकाच छताखाली चार कुत्री आणि एक गाय गुण्यागोविंदाने नांदताना आपण पाहिली ती दत्ताच्या तसबिरीत. टू बीएचकेमध्ये हे आपोआप घडत नाही. म्हणून या सगळ्या वादाकडे इथे तिसऱ्या जीवाच्या बाजूने पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: कुत्रा शिकला की नाही, हे तो 'सिट' म्हटल्यावर बसतो का यावरून ठरवू नये. मांजर दिवाणखान्याच्या मधून, भिंत न धरता, चालत जातं का ते पाहावं.

आधी दांडगट कुत्रा म्हणजे कोण ते ठरवू. तक्रारी येतात त्यातले बरेच कुत्रे सहा महिने ते दीड वर्ष या वयातले असतात. न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्युसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की पाच महिन्यांचं असताना 'बस' म्हटल्यावर बसणारं पिल्लू आठव्या महिन्यात तेच ऐकेनासं होतं, आणि गंमत म्हणजे फक्त सांभाळणाऱ्या माणसाचं. परक्या माणसाचं ते ऐकतं. ज्यांच्या घरात चौदा वर्षांचं मूल आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हा काळ सरतो. घरं कुत्रा सोडून देतात ती नेमकी याच काळात, आणि मांजराच्या मनात कायमची धास्ती बसते तीही याच काळात. दुसऱ्या प्रकारचा कुत्रा दांडगट नसतो, घाबरलेला असतो. तो भुंकतो, अंगावर जातो, ते समोरच्याला लांब ठेवण्यासाठी. तिसऱ्याला मांजर हे भक्ष्य वाटतं. तिघेही मांजरामागे धावतात आणि तिघांवरचा उपाय वेगळा आहे. आपल्याकडे तिघांनाही एकच, ओढताच गळा आवळणारी चोक चेन घातली जाते.

ही चोक चेन आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे. कोनराड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याने पोलिसांच्या कुत्र्यांसाठी १९१० मध्ये एक पुस्तिका लिहिली. कुत्र्याला धाकात ठेवून, झटके देऊन कामाला लावायची पद्धत त्यात व्यवस्थित मांडलेली होती. अमेरिकेत विल्यम कोलर या, सिनेमांसाठी कुत्री तयार करणाऱ्या प्रशिक्षकाने १९६२ मध्ये तीच परंपरा घरगुती कुत्र्यांपर्यंत नेली. तिला शास्त्राचा आधार मिळाला तो लांडग्यांकडून. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं, आणि कळपात वरचं स्थान मिळवण्यासाठी सतत झुंज चालते असं चित्र रूढ झालं. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते जगभर पोचवलं. पुढे न्यू स्कीट मठातल्या साधूंनी १९७८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातून कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याची युक्ती घरोघर गेली. २००४ पासून कुत्र्यांना वळण लावणारे सीझर मिलान टीव्हीवर दिसू लागले आणि कळपाचा म्होरक्या या अर्थाचा 'अल्फा' हा शब्द आपल्या सोसायट्यांच्या बागेपर्यंत आला.

यातला शोकांत भाग असा, की हा आधार ज्यांनी बांधला त्यांनीच तो काढून घेतला. मेक यांनी कॅनडाच्या एल्समीर बेटावर कित्येक उन्हाळे रानटी लांडग्यांजवळ राहून काढले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांची मारामारी हा निसर्गनियम नव्हे. आपल्या जुन्या पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून ते प्रकाशकांच्या मागे लागले. २०२२ मध्ये ती थांबली. न्यू स्कीटच्या साधूंनीही पुढच्या आवृत्तीत उताणं पाडण्याचा सल्ला मागे घेतला. तरी आपल्या घरांत 'त्याला दाखवून द्या मालक कोण' हे वाक्य ठणठणीत आहे. मला वाटतं, लांडगे हा फक्त बहाणा होता. आपल्या घरांमध्ये धाकाने वळण लागतं ही समजूत लांडग्यांच्या कितीतरी आधीची आहे आणि मुलांवरून ती कुत्र्यांवर अलगद सरकली.

दुसरी परंपरा जवळपास तितकीच जुनी, आणि तिची सुरुवात मांजरांपासून झाली. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना कळीच्या पेट्यांत ठेवून पाहिलं, की ज्या हालचालीने सुटका आणि खाऊ मिळतो ती मांजर पुन्हा पुन्हा करतं. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी याचं शास्त्र केलं आणि १९५१ मध्ये, घरच्या कुत्र्याला कसं शिकवावं यावर सामान्य वाचकांसाठी एक लेखही लिहिला. समुद्रातल्या डॉल्फिनला चोक चेन घालता येत नाही. हवाईतल्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी तोच धडा १९८४ च्या पुस्तकातून कुत्रेवाल्यांपर्यंत आणला. क्लिकरची टिकटिक तिथून लोकप्रिय झाली.

पण या परंपरेलाही आपली मर्यादा लवकर कळली होती. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी १९६१ मध्ये प्रामाणिकपणे लिहिलं, की खाऊ देऊन शिकवलेले प्राणी काही काळाने उपजत वागण्याकडे घसरतात. नाणं उचलून डब्यात टाकायला शिकलेलं डुक्कर ते नाणं मुसंडीने जमिनीत उकरत बसायचं. मांजरामागे धावणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हे लक्षात ठेवावं लागतं, कारण धावणं हेच त्याचं बक्षीस असतं. हातातला पनीरचा तुकडा त्याच्यापुढे फिका पडतो.

आता पुरावा काय सांगतो? पेनसिल्व्हेनियातल्या मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये, वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना विचारलं, की तुम्ही काय काय करून पाहिलं आणि त्यावर कुत्रा आक्रमक झाला का. मारलं किंवा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्के मालकांचा कुत्रा उलटला होता. उताणं पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के. नुसतं डोळे वटारून पाहणाऱ्यांपैकी ३० टक्के. पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला. शिक्षेवर चालणाऱ्या वर्गांतले कुत्रे अधिक ताणात दिसले, वर्गानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल अधिक वाढलेलं होतं. त्याच वर्षी ब्रिटनच्या लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासात विजेचा झटका देणारा पट्टा खाऊपेक्षा सरस ठरला नाही. वेल्सने तर २०१० मध्येच असे पट्टे बंद केले होते.

उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या जॉन्सन आणि विन यांनी २०२४ मध्ये नेमका पाठलागाचाच प्रश्न घेतला. पळणाऱ्या आमिषामागे धावणं कशाने थांबतं? झटक्याच्या पट्ट्याने ते चटकन थांबलं, खाऊच्या गटांत थांबलं नाही. या प्रयोगावर टीका झाली: कुत्रे थोडे होते, वेळ थोडा होता, खाऊवाल्यांना दिलेलं शिक्षण अपुरं होतं. टीका बरीचशी रास्त आहे. तरी 'झटका काम करत नाही' असं म्हणणं खोटं ठरेल. तो करतो. माझा आक्षेप दुसरा आहे: ते आमिष होतं, त्याच घरात राहणारं, जेवणारं, झोपणारं मांजर नव्हतं.

कारण कुत्रा काय शिकतो हे आपण ठरवत नाही. मांजर समोर आलं, कुत्र्याने मान वळवली, गळ्याला हिसका बसला. आपल्या मते कुत्र्याने शिकावं, 'धावू नये'. पाव्हलॉवच्या हिशेबाने, म्हणजे एकापाठोपाठ घडणाऱ्या गोष्टी मनात जोडून, तो शिकतो, 'मांजर आलं की गळा आवळतो'. ज्या कुत्र्याला आधी मांजराविषयी नुसतं कुतूहल होतं, त्याला आता त्याचा राग येऊ लागतो. ओरडा खाऊन तो गुरगुरणं सोडतो आणि घरातले खूश होतात. खरं तर घरातली धोक्याची घंटा तेवढी काढून टाकलेली असते. पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो. एकट्या कुत्र्याच्या घरात शिक्षेची किंमत कुत्रा मोजतो. इथे ती मांजर मोजतं.

कुत्र्यामांजराचं वैर मात्र वाटतं तितकं पक्कं नाही. तेल अवीव विद्यापीठाच्या फॉयरस्टाइन आणि टर्केल यांनी २००८ मध्ये एका घरातल्या जोड्या पाहिल्या. बहुतेक जोड्यांचं बरं चाललं होतं. मांजर आधी आलेलं असेल, आणि दोघांची गाठ लहान वयात, म्हणजे मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत असताना, पडलेली असेल, तर जमण्याची शक्यता वाढते. हलणारी शेपूट कुत्र्याकडे मैत्रीची आणि मांजराकडे चिडीची खूण असते, तरी एकत्र वाढलेले दोघे एकमेकांची खूण ओळखायला शिकतात. लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या पाहणीतून पुढची गोष्ट कळली: दोघांचं नातं कसं राहील हे कुत्र्यापेक्षा मांजराला किती निर्धास्त वाटतं यावर अधिक ठरतं. एवढा साधा निष्कर्ष निघायला २०१८ उजाडावं लागलं.

जातीचा प्रश्न इथे येतो. शिकार म्हणजे एकच क्रिया नसते. रोखून पाहणं, दबा धरणं, पाठलाग, धरणं, झटकून मारणं अशी ती साखळी आहे, आणि माणसाने वेगवेगळ्या जातींत तिचे वेगवेगळे दुवे ठळक केले, हे जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी नीट उलगडून दाखवलं. बॉर्डर कॉली दबा धरून पाठलाग करतो, पण त्याला मेंढी मारायची नसते. लॅब्राडॉर तोंडात धरतो, तेही मऊ. टेरियर शेवटचा दुवाही पुरा करतो. आपल्या दख्खनचे कारवान आणि मुधोळ हे नजरेने शिकार करणारे कुत्रे, सशामागे सुटण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले. देशी कुत्रा पाळण्याच्या उत्साहात फ्लॅटमध्ये कारवान आणायचा आणि घरात ससा ठेवायचा, हे काही मला पटत नाही. गल्लीतल्या गावठी कुत्र्याचं काही सांगता येत नाही. मांजरांमध्ये वाढलेला असेल तर तो सगळ्यात शहाणा.

भुंकणाऱ्या, पुढचे पाय टेकवून ढुंगण वर करणाऱ्या, इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या कुत्र्याची फार काळजी नको. तो आगाऊ आहे, वळणावर येईल. काळजी करावी ती गप्प झालेल्या कुत्र्याची: अंग ताठ, तोंड बंद, नजर मांजरावरून हलत नाही, हाक कानावर पडत नाही.

आता प्रत्यक्ष काम. त्यातला मोठा भाग शिकवण्याचा नसतोच, घर लावण्याचा असतो, आणि तिथेच लोकांचा हिरमोड होतो, कारण दरवाज्याला जाळीचं अर्धं फाटक बसवणं हे शिक्षण वाटत नाही. पण कुत्र्याने मांजरामागे मारलेली प्रत्येक धाव हा एक पक्का धडा असतो. तो रोज घडत असताना वरून दुसरा धडा देता येत नाही. म्हणून पहिले काही आठवडे दोघांची मोकळी गाठच पडू द्यायची नाही. मांजराला एक खोली अशी, जिथे कुत्रा कधीच जात नाही. भिंतीवर फळ्या, कपाटाच्या माथ्यावर जागा, आणि एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर जमिनीला पाय न लावता जाता येईल अशी वाट. मांजराची लघवी-शीची पेटी अशा जागी की कुत्रा मागून येऊन वाट अडवणार नाही. बरेच कुत्रे त्या पेटीतलं खातात, हेही कारण आहेच. मांजर गादीवर मुतायला लागलं की लोक मांजराला बोल लावतात. पेटीकडे जाणारा पॅसेज कोणाच्या ताब्यात आहे ते पाहत नाहीत.

मग वास. एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत ठेवावं. दोघांनी बंद दाराच्या दोन बाजूंना जेवावं. त्यानंतर पाहणं: कुत्रा पट्ट्यावर, मांजर लांब, आणि लांब म्हणजे इतकं, की मांजर दिसूनही कुत्र्याला खाऊ खायचं भान राहील. त्याने खाऊ नाकारला तर अंतर कमी पडलं, एवढंच. त्याने मांजराकडे पाहिलं की लगेच तुकडा द्यायचा, न पाहण्याची वाट बघायची नाही. हळूहळू मांजर दिसताच तो माणसाकडे वळतो. लेस्ली मॅक्डेविट यांनी ही युक्ती २००७ च्या पुस्तकात मांडली आणि आज बहुतेक जाणकार प्रशिक्षक ती वापरतात. ब्रेलंड दांपत्याच्या डुकराची अडचण इथे टळते, कारण पाठलाग सुरू व्हायच्या आधीच आपण मध्ये पडतो. जोडीला चटईवर जाऊन पडून राहायला शिकवावं. 'शेकहँड' शिकवण्यात घालवलेला वेळ चटईला दिला तर निम्मी घरं शांत होतील. खाऊ म्हणून उकडलेलं चिकन, पनीर चालतं. मनुका, द्राक्षं, कांदा घातलेलं काही नको, ते विषारी आहे.

एकत्र कुटुंबात खरी अडचण कुत्र्याची नसतेच. आई फाटक लावते, आजोबा उघडं ठेवतात. धाकटा मुद्दाम मांजराला कुत्र्याच्या पुढ्यात धरून व्हिडिओ काढतो. आजी जेवताना पोळीचा तुकडा टाकते आणि ताटाखाली दोघांची झटापट होते. ट्रेनरचा पाऊण तास संपला की उरलेले सव्वातेवीस तास कुत्र्याला हेच लोक शिकवत असतात. त्यात आपल्याकडे ट्रेनर व्हायला कसलाही परवाना लागत नाही. पहिल्याच दिवशी 'मांजरासमोर आणा, दाखवतो' म्हणणाऱ्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावं.

दोन कुत्र्यांचं घर हा निराळा प्रकार आहे. टफ्ट्स विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात घरातल्या कुत्र्यांची भांडणं बहुतेक एकाच लिंगाच्या जोड्यांत आढळली, माद्यांची त्यात मोठी संख्या होती, आणि खोडी काढणारा बरेचदा मागून आलेला होता. भांडणं पेटतात ती ठरलेल्या क्षणी: वाडगा, अरुंद पॅसेज, दारावरची बेल, मालक घरी येणं. त्यामुळे वेगळ्या खोल्यांत जेवण आणि बेल वाजली की दोघांनी दोन चटयांवर जाणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. म्हातारा कुत्रा पिल्लावर एकदा डाफरला तर मध्ये पडू नये. तो दिवसभर डाफरत असेल तर मात्र पिल्लाला उचलून न्यावं. त्याला शिकवणं ही म्हाताऱ्याची नोकरी नव्हे.

ससे, गिनीपिग, पक्षी यांच्याबाबत मी हट्टी आहे. मैत्रीचे व्हिडिओ कितीही गोड असोत, मध्ये भक्कम दार हवं. ससा नुसत्या भीतीनेही दगावू शकतो, आणि दात ओझरता लागला तरी लाळेतल्या जंतूंनी पक्षी मरू शकतो. पिंजऱ्यात हिरवा देशी पोपट असेल तर प्रश्न कुत्र्याचा राहतच नाही; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो पाळणंच गुन्हा आहे.

हे सगळं सुरू करण्याआधी करायची गोष्ट मी शेवटाकडे सांगतो आहे, कारण लोक ती शेवटीच करतात: पशुवैद्याकडे जाणं. लिंकनच्याच डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलं, की वागणुकीच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे आलेल्या प्राण्यांपैकी किमान एक तृतीयांशांना कुठलं ना कुठलं दुखणं होतं. मांडीचा सांधा दुखणाऱ्या लॅब्राडॉरला मांजर अंगावरून उडी मारून गेलेलं सहन होत नाही. कान सडलेला कुत्रा डोक्यावरून हात फिरवू देत नाही. नसबंदीने भटकणं आणि जागोजाग मुतणं कमी होतं, पण भीतीतून आलेला हल्ला त्याने थांबेल अशी आशा धरू नये. चिंतेवरची औषधं असतात आणि गरज असेल तर द्यावीत. ती कुत्र्याला गुंगवण्यासाठी नसून शिकण्याइतकं शांत करण्यासाठी असतात.

तरीही काही घरांत जमत नाही. दार बदलून राहणं, म्हणजे सकाळी कुत्रा हॉलमध्ये आणि मांजर खोलीत, दुपारी उलट, हा अनेक वर्षं चालणारा सभ्य मार्ग आहे. त्यात हरल्यासारखं काही नाही. सवय लावून घातलेलं जाळीदार मुसकं मधल्या काळात उपयोगी पडतं, चोवीस तास नाही. आणि मांजर खायचं थांबलं, किंवा कुत्र्याने एकदा तोंडात धरून झटकलं, तर दोघांपैकी एकासाठी दुसरं घर शोधावं. बहुधा कुत्र्यासाठी, कारण तरुण कुत्रा नव्या घरात लवकर रुळतो आणि दहा वर्षांचं मांजर रुळत नाही. नव्या घराला घडलं ते सगळं लेखी सांगावं, मांजर-ससे नसलेलं घरच निवडावं, आणि पहिला महिना परत घेण्याची तयारी ठेवावी. हायवेवर नेऊन सोडणारेही असतात. पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यातला दंड दहा ते पन्नास रुपये.